आईवडिलांसाठी पाच रिमोटांचा एक रिमोट: मॅक्रो अर्धेच चालतात, उपाय सुचवावा

गंगापूररोडकर

सर्व जाणकारांना नमस्कार.

गंगापूर रोडवरील आमच्या घरी माझे आईवडील राहतात. वडिलांचे वय ७८ आहे. मी नोकरीसाठी पुण्यात असतो आणि महिन्यातून दोनदा नाशिकला येतो. दिवाणखान्यात सोनीचा टीव्ही, यामाहाचा ५.१ रिसीव्हर, फिलिप्सचा जुना सीडी प्लेअर, डिशचा सेट टॉप बॉक्स आणि फायर टीव्ही स्टिक अशी पाच उपकरणे आहेत. सेट टॉप बॉक्स आणि स्टिक एचडीएमआयने रिसीव्हरला जोडलेली आहेत, सीडी प्लेअर लाल-पांढऱ्या आरसीए केबलने जोडलेला आहे, आणि रिसीव्हरमधून एक एचडीएमआय केबल टीव्हीकडे गेली आहे.

वडिलांना सकाळी नाट्यसंगीताच्या आणि शास्त्रीय गायनाच्या सीडी ऐकायच्या असतात. त्यासाठी त्यांना दोन रिमोट शोधावे लागतात, रिसीव्हरवर योग्य इनपुट निवडावे लागते, आणि चुकून दुसरेच बटण दाबले गेले तर ते कंटाळून सगळे बंद करून ठेवतात. गेल्या दिवाळीपासून त्यांनी सीडी ऐकणे जवळजवळ सोडून दिले आहे, हे मला आईकडून समजले. म्हणून मी महात्मा गांधी रस्त्यावरील एका दुकानातून इतर रिमोटांचे कोड शिकणारा आणि मॅक्रोची (एका बटणावर अनेक कोड क्रमाने पाठवण्याची) सोय असलेला एक युनिव्हर्सल रिमोट आणला, सर्व कोड त्याला शिकवले आणि ‘सीडी’, ‘टीव्ही’ व ‘सर्व बंद’ अशी तीन बटणे तयार केली. अडचणी पुढीलप्रमाणे आहेत.

‘टीव्ही’ हे बटण दाबल्यावर कधी सर्व उपकरणे व्यवस्थित चालू होतात, तर कधी टीव्ही चालू होतो आणि रिसीव्हर बंद होतो. वीज जाऊन आली की हा घोळ हमखास होतो. सीडी प्लेअरवर ‘पुढचे गाणे’ हे बटण दोनदा दाबले तरी एकच गाणे पुढे जाते, आणि ११ क्रमांकाचे गाणे लावण्यासाठी १ दोनदा दाबल्यास प्लेअर पहिलेच गाणे लावतो. मूळ रिमोटने मात्र दोन्ही गोष्टी नीट होतात. फायर टीव्ही स्टिकच्या रिमोटची दिशादर्शक बटणे नवा रिमोट शिकतच नाही, फक्त आवाजाची बटणे शिकला.

रिमोट सदोष आहे, की माझी जुळणी चुकली आहे? दुसरा महागडा रिमोट घेण्याची तयारी आहे, परंतु तेच पुन्हा घडू नये, एवढीच इच्छा आहे.

जुना सातपूरकर

आपला रिमोट सदोष असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. दुसरा रिमोट घेण्याची घाई करू नये.

मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनेल तयार करण्याचे काम तीस वर्षे केले, त्यामुळे मला हा प्रश्न पॅनेलच्या भाषेतच दिसतो. मोटारीच्या स्टार्टरवर हिरवे आणि लाल अशी दोन स्वतंत्र बटणे असतात. हिरवे बटण दहा वेळा दाबले तरी चालू मोटार चालूच राहते, आणि लाल बटण दाबल्यावर ती बंदच होते. शेतावर अंधारात जाऊन बटण दाबणाऱ्या माणसाला मोटार आधी कोणत्या स्थितीत होती हे माहीत असण्याची गरज नसते. घरातल्या रिमोटवरील पॉवरचे बटण मात्र बहुधा एकच असते आणि ते आहे ती स्थिती उलटी करते. म्हणजे त्या बटणाचा परिणाम उपकरण आधी चालू होते की बंद, यावर अवलंबून राहतो, आणि आपल्या रिमोटला ती स्थिती कळण्याचा कोणताही मार्ग नाही, कारण इन्फ्रारेड संदेश एकाच दिशेने जातो. वीज जाऊन परत आली की काही सेट टॉप बॉक्स आपोआप चालू होतात, टीव्ही स्टँडबायमध्येच राहतो, आणि आपल्या मॅक्रोने गृहीत धरलेले चित्र कोलमडते.

यावरचा उपाय असा की मॅक्रोमध्ये उलटापालट करणारा कोड कधीच घालू नये. ‘फक्त चालू’ आणि ‘फक्त बंद’ असे स्वतंत्र कोड अनेक उपकरणे ओळखतात, जरी त्यांच्या मूळ रिमोटवर तशी बटणे दिलेली नसली तरी. सोनीच्या टीव्हीचे उदाहरण घ्या. सोनीच्या १२-बिट संदेशात टीव्हीचा उपकरण क्रमांक १ आहे. त्यात आज्ञा क्रमांक २१ म्हणजे आपले नेहमीचे चालू-बंद, ४६ म्हणजे फक्त चालू आणि ४७ म्हणजे फक्त बंद. मूळ रिमोटवर ४६ आणि ४७ ची बटणे नसतात, त्यामुळे ‘शिकवून’ हे कोड मिळणार नाहीत. ते रिमोटच्या तयार कोडसंग्रहातून किंवा हेक्स स्वरूपात (० ते ९ आणि ए ते एफ या चिन्हांत लिहिलेले) भरावे लागतात. यामाहाच्या रिसीव्हरसाठीही स्वतंत्र ‘चालू’ आणि ‘स्टँडबाय’ कोड आहेत, आणि प्रत्येक इनपुटचाही स्वतंत्र कोड आहे. टीव्हीचे इनपुटही यादीतून पुढे पुढे सरकवून निवडू नये, थेट ‘एचडीएमआय १’ असाच कोड वापरावा.

सेट टॉप बॉक्ससाठी असा स्वतंत्र कोड बहुधा मिळणार नाही. तिथे मी एक युक्ती वापरतो. स्टँडबायमध्ये असलेले बरेचसे बॉक्स एखादा अंक किंवा चॅनेलचे बटण दाबल्यावर जागे होतात. म्हणून बंद करताना आधी अंकाचा कोड पाठवावा, चार-पाच सेकंद थांबावे आणि मग पॉवरचा कोड पाठवावा. बॉक्स बंद असेल तर अंकाने तो जागा होतो, चालू असेल तर चॅनेल बदलते, आणि दोन्ही प्रसंगी पॉवरचा कोड येईपर्यंत तो निश्चितपणे चालू असतो, त्यामुळे तो निश्चितपणे बंदच होतो. चालू करताना पॉवरचा कोड मुळीच पाठवू नये, केवळ अंक पाठवावा. आपला बॉक्स अंकाने जागा होतो का, हे आधी हाताने तपासून पाहावे.

थांबण्याच्या वेळा कंजूषपणे ठेवू नयेत. टीव्ही चालू झाल्यावर पहिले काही सेकंद तो कोणतीच आज्ञा ऐकत नाही, आणि तेवढ्यात पाठवलेला इनपुटचा कोड वाया जातो. मी रिसीव्हर आधी चालू करतो, मग टीव्ही, मग रिसीव्हरचे इनपुट, आणि टीव्हीचे इनपुट सर्वांत शेवटी, आठ सेकंदांनंतर.

दिंडोरीकर

सातपूरकर काकांशी पूर्ण सहमत आहे. तरीही एक विचारतो: आपल्या टीव्हीवर आणि रिसीव्हरवर एचडीएमआयचे सीईसी, म्हणजे एचडीएमआय केबलमधूनच उपकरणांनी एकमेकांना आज्ञा देण्याची सोय, चालू आहे का? सोनीच्या मेन्यूमध्ये ते ब्राव्हिया सिंक या नावाने असते आणि यामाहाच्या मेन्यूमध्ये एचडीएमआय कंट्रोल या नावाने. ते चालू असेल तर टीव्ही चालू-बंद झाल्याबरोबर रिसीव्हरही आपोआप चालू-बंद होतो. त्याच वेळी आपल्या मॅक्रोतील पॉवरचा कोड पोहोचतो आणि नुकताच चालू झालेला रिसीव्हर पुन्हा बंद होतो. आपण सांगितलेले पहिले लक्षण मला हुबेहूब तसेच वाटते, आणि ते ‘कधी कधीच’ का घडते याचेही कारण हेच असावे, कारण सीईसीचा संदेश आधी पोहोचतो की इन्फ्रारेडचा, हे प्रत्येक वेळी सारखे नसते.

फायर टीव्ही स्टिकबद्दल: तिचा रिमोट स्टिकशी ब्लूटूथने बोलतो, आणि आवाज व टीव्हीची पॉवर एवढ्यापुरतेच इन्फ्रारेड वापरतो. म्हणून आपला रिमोट केवळ आवाजाची बटणे शिकला. इन्फ्रारेडचा कोणताही रिमोट, कितीही महाग असला तरी, दिशादर्शक बटणे शिकणार नाही.

नाशिकरोडची श्रोती

सीडी प्लेअरच्या अडचणीकडे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही, आणि माझ्या मते वडिलांच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

फिलिप्सची त्या काळातील उपकरणे आरसी-५ ही पद्धत वापरत. या पद्धतीत एक संदेश १४ बिटांचा असतो: सुरुवातीचे दोन बिट, मग एक ‘टॉगल’ बिट, मग उपकरणाच्या पत्त्याचे पाच बिट आणि आज्ञेचे सहा बिट. सीडी प्लेअरचा पत्ता २० आहे, ‘प्ले’ची आज्ञा ५३ आहे आणि ‘स्टॉप’ची ५४. यातील टॉगल बिट आपल्या तक्रारीचे मूळ आहे. मूळ रिमोटवर बटण प्रत्येक वेळी नव्याने दाबल्यावर हा बिट ० चा १ आणि १ चा ० होतो. बटण दाबून धरले तर तो तसाच राहतो. त्यामुळे ‘१’ दोनदा दाबले आहे की एकदाच दाबून धरले आहे, हे प्लेअरला या एका बिटावरून समजते.

शिकणारा रिमोट मात्र संदेशाचा अर्थ लावत नाही, तो ऐकलेल्या प्रकाशस्पंदांची जशीच्या तशी नक्कल करून ठेवतो. शिकवताना टॉगल बिट ० असेल तर पुढे कायम ०च जातो. आपण ‘१’ दोनदा दाबता, प्लेअरला मात्र कोणीतरी ‘१’ दाबून धरले आहे असे वाटते, आणि तो पहिले गाणे लावतो. ‘पुढचे गाणे’ एकदाच सरकते तेही याच कारणाने.

म्हणून हे कोड शिकवू नयेत. रिमोटच्या तयार कोडसंग्रहात फिलिप्सचा सीडी प्लेअर शोधून तोच संच वापरावा, कारण तसा संच संदेश स्वतः तयार करतो आणि टॉगल बिट नियमाप्रमाणे बदलतो. मॅरांट्झच्या अनेक सीडी प्लेअरचा संचही हाच पत्ता वापरतो, त्यामुळे फिलिप्सच्या नावाखाली सापडला नाही तर तिथे पाहावे. बरोबर संच सापडला की नाही याची सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे ११ क्रमांकाचे गाणे लावून पाहणे.

ज्या उपकरणांचे कोड शिकवावेच लागतात, त्यांच्यासाठी काही सवयी सांगते. दोन्ही रिमोट टीपॉयवर समोरासमोर, तीन ते पाच सेंटीमीटर अंतरावर, एकाच उंचीवर ठेवावेत आणि हातात धरू नयेत. मूळ रिमोटमध्ये नवे सेल घालावेत. थेट ऊन आणि सीएफएल दिवा टाळावा, कारण उन्हात इन्फ्रारेड भरपूर असते आणि सीएफएलचा इलेक्ट्रॉनिक चोक रिमोटांच्या जवळच्याच वारंवारतेवर लुकलुकतो. आमच्याकडे पश्चिमेच्या खिडकीतून दुपारनंतर ऊन थेट रॅकवर येत असे, आणि पडदा लावेपर्यंत सायंकाळी चारच्या सुमारास कोणताच रिमोट चालत नसे. गंगापूर रोडच्या घरी रॅकची दिशा कोणती आहे, ते पाहावे.

हेक्स कोड भरणार असाल तर आणखी एक गोष्ट. प्रोंटो या हेक्स कोड लिहिण्याच्या प्रचलित स्वरूपात चार-चार चिन्हांचे गट असतात, आणि त्यातील दुसरा गट वाहक वारंवारता, म्हणजे रिमोटचा प्रकाश किती वेगाने लुकलुकतो ते सांगतो. तिथे ००६डी असेल तर ती सुमारे ३८ किलोहर्ट्झ असते आणि ००७३ असेल तर ३६ किलोहर्ट्झ. आरसी-५ ची वारंवारता ३६ आहे, सोनीची ४० आणि यामाहा वापरत असलेल्या एनईसी पद्धतीची ३८. फिलिप्सच्या नावाने मिळालेल्या कोडमध्ये ००६डी दिसले, तर तो कोड कोणीतरी अंदाजाने घेतलेला असू शकतो. जवळून तो चालेलही, परंतु वडिलांच्या खुर्चीपासून चालेलच असे नाही.

गंगापूररोडकर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. सीईसी खरोखरच दोन्हीकडे चालू होते. काल शनिवारी मी नाशिकला आलो आणि सर्वप्रथम ते बंद करून पाहिले. जुने मॅक्रो तसेच ठेवूनही ‘टीव्ही’चे बटण लागोपाठ वीस वेळा बरोबर चालले. मग मुद्दाम मेन स्विच बंद करून पुन्हा चालू केला, तेव्हा घोळ पुन्हा झाला. म्हणजे दिंडोरीकर आणि सातपूरकर काका, दोघांचेही निदान बरोबर होते. दोन वेगळी कारणे एकमेकांत मिसळली होती.

एक शंका आहे. सीईसी बंद केल्यावर टीव्हीमधील ॲपचा आवाज एआरसीने (त्याच एचडीएमआय केबलमधून टीव्हीचा आवाज उलट रिसीव्हरकडे आणणाऱ्या सोयीने) रिसीव्हरकडे येईनासा झाला. हे स्वाभाविक आहे का?

दिंडोरीकर

हो. अनेक रिसीव्हरवर एचडीएमआय कंट्रोल बंद केले की एआरसीही बंद होते. टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट असल्यास तिथून रिसीव्हरला एक ऑप्टिकल केबल लावावी. ती सीईसीवर अवलंबून नसते. मात्र आईवडील टीव्हीमधील ॲप वापरत नसतील आणि सर्व काही बॉक्स व स्टिकवरच पाहत असतील, तर आवाज आधीच रिसीव्हरमधून जातो, वेगळ्या केबलची गरज नाही.

इंदिरानगरचा वाचक

वरील चर्चेशी थोडा मतभेद नोंदवतो. एवढी खटपट करण्यापेक्षा सीईसी आणि एआरसी चालू ठेवून टीव्हीचाच रिमोट सर्वांसाठी वापरणे सोपे नाही का? आमच्या घरी दोन वर्षे असेच चालले आहे. स्टिकसुद्धा टीव्हीच्या रिमोटनेच चालते, मॅक्रो नाहीत आणि शिकवणेही नाही. नवा रिमोट कधीतरी बिघडेल, तेव्हा सर्व जुळणी पुन्हा करण्यासाठी पुण्याहून यावे लागेल, याचाही विचार करावा. लॉजिटेकने हार्मनी रिमोटांचे उत्पादन २०२१ मध्ये थांबवल्याचे जाहीर केले, तेव्हा कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असलेल्या जुळणीचे पुढे काय, हा प्रश्न अनेकांपुढे उभा राहिला होता.

जुना सातपूरकर

आपला शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. कोड स्वतःच्या स्मृतीत ठेवणारा रिमोटच घ्यावा, सेल बदलताना ती स्मृती पुसली जात नाही याची खात्री करावी, आणि प्रत्येक बटणाचा कोड व मॅक्रोचा क्रम एका वहीत लिहून ती वही रॅकच्या खणात ठेवावी. मी पॅनेलच्या दाराच्या आत वायरिंगचा नकाशा चिकटवल्याशिवाय ते पाठवत नसे.

परंतु टीव्हीच्या रिमोटने सर्व चालवण्याचा उपाय या घरासाठी योग्य नाही, कारण सीडी प्लेअर एचडीएमआयने जोडलेलाच नाही, तो सीईसीच्या कक्षेबाहेर आहे, आणि वडिलांना गाणे ऐकण्यासाठी टीव्ही चालू करावा लागू नये. ज्यांच्या घरी केवळ टीव्ही पाहिला जातो, त्यांच्यासाठी आपला उपाय उत्तम आहे.

गंगापूररोडकर, मॅक्रो नव्याने लिहिताना रिसीव्हरच्या मेन्यूत सुरुवातीचा आवाज आणि कमाल आवाज यांच्या मर्यादा अवश्य ठरवून ठेवाव्यात. रात्री कोणी मोठ्या आवाजात चित्रपट पाहिला असेल, तर सकाळी सीडीचे बटण दाबल्याबरोबर तोच आवाज खोलीत घुमू नये. आपल्या वडिलांच्या वयात तो धक्का मोठा असतो.

गंगापूररोडकर

आज रविवारी दिवसभर बसून सर्व जुळणी नव्याने केली, त्याचा वृत्तांत देतो.

सोनीच्या टीव्हीला ४६ आणि ४७ या आज्ञा चालल्या. यामाहाचा रिसीव्हर आधी तयार संचातील एकाही कोडला दाद देत नव्हता. अर्धा दिवस त्यात गेला, आणि मग लक्षात आले की त्याच्या प्रगत मेन्यूमध्ये रिमोटचा आयडी १ ऐवजी २ असा निवडलेला होता. तो १ केल्यावर सर्व कोड चालू लागले. कोणाचा रिसीव्हर मूळ रिमोटला प्रतिसाद देतो आणि तयार कोडना देत नाही, असे घडत असेल तर त्यांनी हे आधी तपासावे. सेट टॉप बॉक्स अंकाने जागा होतो, त्यामुळे काकांची युक्ती लागू पडली. चालू करताना मी दूरदर्शन सह्याद्रीचा चॅनेल क्रमांक पाठवतो, म्हणजे आईला हवी ती वाहिनीच समोर येते. सीडी प्लेअरसाठी मॅरांट्झच्या नावाखालचा संच बरोबर निघाला, आणि ११ क्रमांकाचे गाणे पहिल्याच प्रयत्नात लागले. फायर टीव्ही स्टिकचा रिमोट मी वेगळाच ठेवला आहे. ती केवळ आम्ही आल्यावर वापरली जाते.

एक गोष्ट मात्र कोणाच्याच लक्षात आली नव्हती, ती वडिलांना रिमोट दिल्यावर कळली. ते बटण दाबतात आणि लगेच रिमोट मांडीवर ठेवतात. टीव्हीचा मॅक्रो पूर्ण व्हायला दहा सेकंद लागतात आणि तोपर्यंत रिमोटचे तोंड पोटाकडे वळलेले असते, त्यामुळे शेवटचे दोन संदेश हवेतच जातात. त्यांना धरून ठेवा असे सांगणे मला योग्य वाटले नाही. घरातली पोथी ठेवण्याची जुनी लाकडी घडवंची टीपॉयवर मांडली आणि तिच्यावर रिमोट रॅककडे तोंड करून तिरका ठेवला. आता ते रिमोट उचलतच नाहीत, जागेवरच बटण दाबतात. सीडीचा मॅक्रो तर तीन सेकंदांत संपतो.

दुपारी चहानंतर त्यांनी स्वतः सीडी लावली आणि तासभर ऐकली. मग विचारले की आकाशवाणीच्या नाशिक केंद्रासाठीही असे एक बटण होईल का. रिसीव्हरला एफएम ट्यूनर आहे, पण अँटेना अजून जोडलेला नाही. मॅक्रो कसा लिहावा?

नाशिकरोडची श्रोती

रिसीव्हरसोबत आलेली एफएमची साधी तार मागच्या एफएम टर्मिनलला लावून खिडकीच्या चौकटीवर पूर्ण लांबवावी, गुंडाळून ठेवू नये. केंद्र एकदा हाताने लावून ते प्रीसेट १ मध्ये साठवावे. मॅक्रोमध्ये ‘फक्त चालू’, पाच सेकंद थांबणे, ‘ट्यूनर’ इनपुट, दोन सेकंद थांबणे आणि मग प्रीसेट १ असा क्रम ठेवावा. प्रीसेट पुढे-मागे सरकवणारी बटणे मॅक्रोत घालू नयेत, त्या क्रमांकाचा थेट कोडच घालावा. आणि त्या बटणावर ठसठशीत अक्षरांत ‘रेडिओ’ अशी चिठ्ठी चिकटवावी.